जंतूंना औषधाची 'सवय' होते का?

'जंतूंना औषधाची सवय होते,' असे वाक्य उत्तरपत्रिकांत नेहमी आढळते. ते कितपत बरोबर आहे, हे आपण पेनिसिलिनच्या इतिहासातूनच तपासून पाहू.

जिवाणूची पेशीभित्तिका बांधणाऱ्या प्रथिनांना पेनिसिलिन जखडून टाकते. भिंत कच्ची राहते व जिवाणू फुटतो. परंतु १९४० सालीच अब्राहम आणि चेन यांना ऑक्सफर्ड येथे एका जिवाणूत पेनिसिलिन निकामी करणारे विकर सापडले होते. पेनिसिलिनच्या रेणूतील चार अणूंची कडी हे विकर फोडते. १९५० नंतर रुग्णालयांतील स्टॅफिलोकॉकस जिवाणूंमध्ये या विकराने मोठीच डोकेदुखी निर्माण केली.

१९५७ साली इंग्लंडमधील बीचम कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी पेनिसिलिनचा गाभा वेगळा काढला. त्याला निरनिराळे अणुगट जोडता येऊ लागले. त्यांतूनच मेथिसिलीन तयार झाले. त्याच्या कडीशेजारचा अणुगट एवढा अवजड, की विकराला कडीपर्यंत पोहोचणेच अवघड झाले. १९६० साली हे औषध वापरात आले.

आणि १९६१ च्या आरंभीच पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. स्टॅफिलोकॉकसच्या पाच हजारांहून अधिक नमुन्यांपैकी तीन मेथिसिलीनला दाद देत नव्हते! या जिवाणूंजवळ भिंत बांधणारे एक वेगळेच प्रथिन आहे आणि ते औषधाच्या तावडीत सहसा सापडत नाही, हे पुढे उलगडले.

इतक्या थोड्या महिन्यांत 'सवय' कशी झाली? याचे उत्तर २०१७ साली मिळाले. १९६० ते १९८९ या काळातील जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला, तेव्हा दिसले की या प्रथिनाचे जनुक १९४० च्या दशकाच्या मध्यालाच स्टॅफिलोकॉकसमध्ये शिरले होते. मेथिसिलीन तेव्हा जन्मलेही नव्हते! पेनिसिलिनच्या सर्रास वापरात इतर जिवाणू मेले, हे तगले आणि वाढले.

वर्गात हे सांगताना आम्हाला रवा चाळण्याचे उदाहरण सोयीचे वाटते. चाळणीत उरलेला रवा चाळल्यामुळे जाड होत नाही. तो आधीच जाड असतो. फरक एवढाच, की जिवाणू उरले की दुणावतात.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. स्टॅफिलोकॉकस अनेक निरोगी माणसांच्या नाकातही असतो. विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दीवर प्रतिजैविकाचा काहीच उपयोग नसतो; पण तेवढ्यात आपण नाकातल्या जिवाणूंना मात्र चाळून काढतो.