खिसा आणि मूठ : स्विस सैनिकाच्या चाकूची ११८ वर्षे

सतराव्या शतकातल्या दख्खनी शस्त्रांत ‘फिरंग’ नावाची सरळ, लांब पात्याची तलवार आढळते. नावच सांगते त्याप्रमाणे तिचे पाते बहुधा युरोपातून आलेले असे. जर्मनीतल्या झोलिंगेन या गावची पातीही त्यांत होती. मूठ मात्र इथल्या कारागिराने चढवलेली. बोटांवर कवच, आत मऊ गादी आणि टोकाला लांब काटा, म्हणजे प्रसंगी दुसऱ्या हातानेही पकडता यावे. पाते परमुलखातले चालत होते. मूठ आपल्याच हाताला बेतलेली लागे.

याच झोलिंगेनमध्ये १८९०-९१च्या सुमारास एक वेगळेच हत्यार तयार झाले. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १८८९ साली नवी रायफल स्वीकारली होती. ती खोलायला स्क्रू ड्रायव्हर हवा, शिधा डब्यात येई म्हणून डबा उघडणी हवी. म्हणून पाते, टोच्या, डबा उघडणी आणि स्क्रू ड्रायव्हर अशी चार हत्यारे असलेला घडीचा चाकू ठरला. एवढे चाकू करण्याची ताकद स्विस कारागिरांत नसल्याने पहिली खेप झोलिंगेनहून आली. हे इबाख गावच्या कार्ल एल्सेनर या चाकूकाराला खटकले. त्याने देशातल्या कारागिरांना एकत्र केले आणि १८९१ साली आपले चाकू सैन्याला दिले. जर्मन कारखान्यांचा माल स्वस्त पडे. सोबती एकेक करून गळाले आणि एल्सेनर कर्जात बुडाला.

त्याला तारले ते १८९७ साली नोंदवलेल्या ‘ऑफिसर’ चाकूने. त्यात एकाच स्प्रिंगवर पुढची आणि मागची अशी दोन्ही बाजूंची हत्यारे तोलली होती. दोन स्प्रिंगांवर सहा हत्यारे बसली. चाकू हलका आणि सुबक झाला. सैन्याने तो अधिकृतपणे दिला नाही, अधिकाऱ्यांनी पदरच्या पैशाने घेतला. पण या युक्तीत एक खोच होती. आजवर रिकामी असलेली पाठ आता हत्यारांनी भरली, आणि चाकूची पाठ म्हणजे नेमकी तळहातावर टेकणारी बाजू. असा चाकू घेऊन दहा मिनिटे लाकूड तासून पाहावे. बूच काढायचे मळसूत्र तळव्याला कुठे बोचते ते कळते. गंमत अशी, की तेच मळसूत्र काटकोनात उघडले की सगळा चाकू आडवी मूठ बनतो आणि हातात छान बसतो.

या चाकूचा इतिहास सहसा हत्यारांच्या संख्येने सांगितला जातो. तो मुठीने मोजला तर निराळाच दिसतो. १८९०चा सैनिकी चाकू गडद ओक लाकडाच्या मुठीचा, २०.५ मिलिमीटर जाड आणि १४४ ग्रॅम वजनाचा होता. लाकूड चिरते, टवके उडतात. म्हणून १९०१ साली फायबर आले. १९०८च्या नमुन्यात जाडी १६.५ मिलिमीटर झाली आणि वजन १२५ ग्रॅम. १९५१ साली १३.५ मिलिमीटर आणि ९० ग्रॅम. १९६१ साली खवल्याखवल्यांच्या अल्युमिनियमची मूठ आली : १२ मिलिमीटर, ७२ ग्रॅम. सत्तर वर्षांत चाकूचे वजन निम्म्यावर आले. प्रत्येक बदल कारागिरीच्या दृष्टीने प्रगतीच होता. पण ती प्रगती खिशाची होती.

हाताचे गणित उलटे असते. मूठ बारीक आणि चपटी असली, की जोर तळव्याच्या एका अरुंद पट्टीवर येतो. बोटे पुरती वळतात, पण त्यांना धरायला काही उरत नाही. स्क्रू पिळताना चाकू हातातच फिरू पाहतो. जाड, गोलसर मूठ हा जोर पसरवते. म्हणून सुताराच्या पटाशीची मूठ फुगीर असते. ती कधी खिशात जायची नसते. घडीच्या चाकूला मात्र दोन मालक असतात. दिवसभर तो खिशाचा आणि घटकाभर हाताचा.

हाताची बाजू आधी मांडली ती देलेमाँ गावच्या वेंगर या दुसऱ्या कंपनीने. बोटांसाठी वळणे दिलेली मूठ तिने बाजारात आणली. २००५ साली वेंगर ही एल्सेनरांच्या व्हिक्टोरिनॉक्सने विकत घेतली, पण ती वळणदार मूठ टिकून राहिली. आणि २००८च्या नव्या सैनिकी चाकूने सत्तर वर्षांची उतरण उलटी फिरवली : लांबी १११ मिलिमीटर, जाडी १८, वजन १३१ ग्रॅम. पाते एका हाताने उघडणारे. हिरव्या मुठीत काळ्या, मऊ, न निसटणाऱ्या पट्ट्या. ४७ वर्षे चाललेला अल्युमिनियमचा चाकू निवृत्त झाला आणि वजन जवळपास पहिल्या चाकूइतके झाले.

सरकारी नमुन्याची वाट न पाहणारेही पुष्कळ. ऑफिसर चाकूच्या लाल प्लॅस्टिक पट्ट्या रिवेटच्या टोकांवर नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. हौशी लोक त्या उचकटून त्या जागी लाकडाच्या किंवा शिंगाच्या जाड पट्ट्या घालतात, कडा कानशीने गोल करतात. आपल्याकडचा फिटरही पान्याच्या दांड्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवतो तेव्हा हेच करत असतो. स्विस सैन्याच्या तज्ज्ञांना २००८ साली सुचलेली मऊ पट्टी त्याला कधीच सुचलेली असते, कारण घट्टा त्याच्याच हाताला पडतो.

चाकू कोणी घडवला हे आपण पात्यावर वाचतो. कोणी वापरला हे मुठीवर वाचायचे असते. फिरंगीची मूठ चढवणाऱ्या दख्खनी कारागिराला हा फरक ठाऊक होता. कारखान्याला तो उमगायला ११८ वर्षे लागली.