जर्मनची होडी

रायगड जिल्ह्याचे नाव निघाले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अलिबागची पुळण, मुरुडचा जंजिरा आणि शिडे सोडून निघालेले मचवे उभे राहतात; परंतु याच जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यात, सह्याद्रीच्या अगदी पायाशी, कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके असे आहेत, की ज्यांना किनारा नाही, बंदर नाही आणि तांडेल-नाखव्यांची परंपराही नाही. १८९१ सालापर्यंत हा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत असे. त्या साली तो कुलाब्याकडे वर्ग झाला, खालापूर कर्जतच्या पोटातला एक पेटा म्हणून त्याच्याबरोबर गेले, आणि पुढे १९८१ मध्ये कुलाब्याचाच रायगड झाला. सरकारी दप्तरात अशा रीतीने समुद्राशी सोयरीक जुळली खरी, पण येथल्या माणसाच्या बोलण्यात भरती-ओहोटीचे शब्द आले नाहीत ते नाहीतच.

अशा मुलखात, खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, ट्रकांचे हौदे बांधणाऱ्या एका कारखान्याच्या अंगणात, डांबराच्या दोन पिंपांवर पालथी घातलेली अ‍ॅल्युमिनियमची एक जुनी होडी मला एके दिवशी दिसली, तेव्हा पाऊल आपोआप थबकले. बारा-तेरा फूट लांबीची, पोटाशी चेपलेली, आणि जागोजाग पांढऱ्या भुकटीचे चट्टे उठलेली ती होडी मुंबईच्या दारूखान्याच्या भंगारातून, मोडीत निघालेल्या कोणा जहाजाच्या सामानाबरोबर, इकडे आली असावी. ती घेतली होती जवळच्या एका तलावावर मासेमारी करणाऱ्या गृहस्थाने, आणि दुरुस्त करीत होता तो हौदे बांधणारा मिस्त्री, ज्याने उभ्या जन्मात होडीला हात लावलेला नव्हता. सुतार नाही, कोळी नाही, आणि होडीचे काम ट्रकवाल्याकडे! या विसंगतीचा उगम शोधता शोधता मी येथल्या पाण्याच्या इतिहासात बराच मागे गेलो.

या भागाच्या नद्या मूळच्या होडीच्या नव्हेत. राजमाचीच्या डोंगरांतून निघून कर्जतवरून वाहणारी उल्हास, तिला मिळणाऱ्या पेज, पोशीर व चिल्लार, आणि खंडाळ्याच्या कड्याखालून खोपोली-खालापूरकडे येणारी पाताळगंगा, या साऱ्यांचा स्वभाव एकच: आषाढात दोन्ही थड्या भरून गर्जत जायचे, आणि चैत्रात खडकांमधल्या डोहांपुरते उरायचे. पहिल्या प्रकारच्या पाण्यात होडी टिकत नाही आणि दुसऱ्या प्रकारच्या पाण्यात ती लागत नाही. पलीकडे जाणे अटळच झाले तर वाळलेले भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून केलेली सांगड पुरे होई; आज आपण दोन विजोड गोष्टींची सांगड घालतो, तेव्हा ती नदीकाठची दोरी आपल्या हातात आहे हे आपल्याला आठवत नाही. मासेमारीसही होडीचे प्रयोजन नव्हते. कातकरी व ठाकर मंडळी पाग फेकून, गळ टाकून, ओढ्याच्या तोंडाशी बांध घालून मासे धरीत. आणि मृगाच्या पहिल्या सरींबरोबर मासे प्रवाहाच्या उलट शेतांच्या दिशेने चढू लागले, म्हणजे वलगणीचे ते चार-दोन दिवस साऱ्या गावाला उधाण येई. मौज अशी की किनाऱ्यावरचा कोळी ज्या सुमारास आपली होडी वर ओढून शाकारून ठेवतो, त्याच सुमारास येथला माणूस गुडघाभर पाण्यात उतरतो.

खरी होडी भरतीच्या रेषेपर्यंतच येत असे. उल्हासेवर ती रेषा कल्याणच्या अंगाने होती, पाताळगंगेवर आपट्याच्या बाजूस, आणि खाडीच्या एका फाट्याने पनवेलला. या खाड्यांच्या माथ्यावर नौकाबांधणीची कला कोणत्या पायरीला पोचली होती, हे सांगण्यास शिवछत्रपतींचे आरमार पुरेसे आहे: कल्याण, भिवंडी व पनवेल येथे महाराजांची जहाजे बांधली जात असता रुई लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह त्या कामावर होता, आणि वसईच्या अधिकाऱ्याने १६५९ मध्ये त्यांना फितवून तेथून काढून नेले, असे पोर्तुगीज कागदपत्रांवरून दिसते. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जे लिहिले, ते तर राज्यकारभाराच्या इतिहासात जपून ठेवण्यासारखे आहे. राज्यातल्या अरण्यातले सागासारखे वृक्ष हुजूरच्या परवानगीने तोडावेत, उणे पडेल ते परमुलखातून विकत आणावे. पण आंबा-फणसाला, ती झाडे आरमाराच्या उपयोगाची असूनही, हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, मगच ते तोडावे, असा त्या निर्बंधाचा आशय आहे. होडीची किंमत झाडापासून मोजणारी ही दृष्टी होती. आमच्या दोन तालुक्यांचा संबंध आला असला तर तो रानाच्या बाजूने. पाण्याच्या बाजूने नव्हे.

पेशवाईत नाना फडणिसांनी खोपोलीस महादेवाचे देऊळ आणि त्याच्यापुढे तलाव बांधला, तोही होडीसाठी नव्हे, तर घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाटसरूंच्या सोयीसाठी. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा मुंबईचा प्रवासी होडीने पनवेलला उतरून चौक-खालापूरमार्गे घाटाला लागे. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली, १८६३ मध्ये ती कर्जतहून थेट घाट चढून गेली, आणि पनवेलच्या त्या होड्यांचा जुना मान संपला.

परंतु पाण्याचे खरे स्थित्यंतर विजेने घडविले. जमशेटजी टाटांच्या मनातली योजना त्यांच्या पश्चात आकारास आली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याजवळ वळवण येथे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते धरणाची कोनशिला बसली, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांकडे वीज निघाली. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी नळांतून सतराशे फुटांहून अधिक खाली झेपावत चक्रे फिरविते आणि काम संपताच पाताळगंगेत येऊन पडते. १९२२ मध्ये भिवपुरीचे केंद्र सुरू झाले, आणि ठोकरवाडीच्या धरणातले आंध्रा नदीचे पाणी तसेच पेजेत, आणि पेजेतून उल्हासेत, उतरू लागले. जे पाणी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असा दीर्घ प्रवास करून पूर्वसमुद्राला मिळायचे, ते गिरण्यांच्या चात्यांसाठी पाठ फिरवून पश्चिमेला आले, आणि चैत्रात डोहांपुरत्या उरणाऱ्या नद्या बारमाही झाल्या. काठच्या शेतकऱ्याने ही देणगी मुकाट्याने पदरात घेतली. त्याची हरकत असण्याचे कारण नव्हते, आणि ज्याच्या वाट्याचे पाणी गेले तो घाटाच्या पलीकडे होता.

त्यानंतर, स्वातंत्र्योत्तर काळात, पाटबंधाऱ्यांचे लहान-मोठे तलाव आले. अलीकडे धावरी नदीवर नवी मुंबईची तहान भागविणारे मोरबे धरण झाले. तलावाबरोबर नवा मासाही आला. रोहू, कटला, मृगळ ही उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांची प्रजा साठलेल्या पाण्यात आपण होऊन वीण घालीत नाही. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी ओडिशात मस्तकातल्या ग्रंथीचा अर्क टोचून या जातींची अंडी मिळविली, आणि मत्स्यबीज ही सर्रास विकत मिळणारी वस्तू होत गेली. मासा भारी, पाणी खोल, जाळे लांब: आता काठावरून पाग फेकून भागेना. होडी या मुलखात आली ती अशी, उत्तरेकडच्या माशामागोमाग.

लाकडी होडी बांधावी तर बांधणारा नाही. म्हणून कोणी ट्रकच्या ट्यूबांवर फळी टाकली, कोणी थर्माकोलचे तराफे केले, कोणी पत्रा वाकवून घेतला, आणि एखाद्याच्या नशिबी अशी तयार धातूची होडी आली. खेड्यात तिला कोणी अ‍ॅल्युमिनियमची म्हणत नाही; ती जर्मनची होडी, किंवा सरळ जर्मलची. या नावात, रुपे व अ‍ॅल्युमिनियम या दोहोंपैकी काहीही नसलेल्या ‘जर्मन सिल्व्हर’ नामक तिसऱ्याच मिश्रणाची आठवण मिसळली असावी, असा माझा कयास आहे. धातू तसा अर्वाचीन: १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघा तरुणांनी, एकमेकांना नकळत, विजेने तो मातीपासून स्वस्तात वेगळा करण्याची युक्ती काढली, दहा-बारा वर्षांत मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्याची भांडी घडवून घेण्यास आरंभ केला, आणि तांब्या-पितळेची ऐपत नसलेल्या घरांत ती पसरली. सर्वसामान्यांच्या होडीपर्यंत तो दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पोचला: ग्रमन या विमानांच्या कारखान्याच्या एका अधिकाऱ्याने सुटीत जड होडी खांद्यावरून वाहून नेताना घाम गाळला, आणि विमानाच्या पत्र्याची हलकी होडी १९४५ पासून विकावयास आली.

आता त्या अंगणात परत येतो. मिस्त्रीने होडी प्रथम सरळ करून पिंपांवर ठेवली आणि, गळकी वस्तू पाण्यात टाकण्याऐवजी, नळी लावून तिच्याच पोटात पाणी भरले. मग तो खाली सरकला आणि कोरड्या अंगावर जेथे जेथे थेंब धरला, तेथे तेथे खडूने फुली मारीत गेला. अकरा फुल्या झाल्या. नऊ सैल झालेल्या रिबिटांच्या, एक चिरीची, आणि एक अशा जागी, जेथे पूर्वी कोणीतरी लोखंडी बोल्ट ठोकला होता. ओलाव्यात दोन धातू एकमेकांना भिडले की दुबळा झिजतो. खाऱ्या पाण्यात तर फारच वेगाने. बोल्ट शाबूत होता, भोवतालचा पत्रा भुकटी होऊन गेला होता.

चेपलेला पत्रा थंड ठोकला तर तडकतो, आणि तापवावा तर हा धातू लोखंडासारखा लाल होऊन इशारा देत नाही. सहाशे साठ अंशांवर तो एकदम ओघळतो. मिस्त्रीने पोचाभोवती कपड्याचा साबण चोळला आणि दुरून जाळ फिरविला. साबण पिवळसर झाला, तपकिरी झाला, आणि काळा पडताच त्याने जाळ बाजूस घेतला. ‘‘साबण बोलतो, काका, जर्मल बोलत नाही,’’ एवढेच तो म्हणाला. मागून वाळूची गोणी लावून लाकडी मोगरीच्या लहान लहान ठोक्यांनी त्याने पोच वर आणला, हौद्याचे पत्रे बसविताना आणतात तसाच. चिरीला झाळण लागेना. या धातूच्या अंगावर जो अदृश्य पापुद्रा असतो तो दोन हजार अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून आतून-बाहेरून ठिगळ लावून, मध्ये डांबरी लुकण भरून, रिबिटांची दाट ओळ ठोकली. माझाही या कामात हातभार लागला, तो लज्जास्पद ठरला: डाग काढण्यासाठी धुण्याचा सोडा वापरा, असा सल्ला मी दिला, आणि एक बाजू काळीठिक्कर पडली. मिस्त्रीच्या आईने दारातूनच सांगितले की जर्मलच्या पातेल्याला सोडा लावीत नाहीत, चिंच लावतात. चिंच आणली गेली.

पुढचे फेरफार मालकाच्या सांगण्याप्रमाणे झाले. मधले आडवे बाक कापून काढले, कारण जाळे ओढणारा बसून काम करीत नाही. नाळेशी उभे राहण्यापुरती सागाची फळी बसविली, आणि तिच्या प्रत्येक खिळ्याखाली जुन्या ट्यूबची चकती घातली. काठावर ट्यूबच चिरून आवळली, म्हणजे जाळ्याचा धागा अडकू नये. उरलेल्या बाकांखाली थर्माकोल कोंबला. रंग लावू दिला नाही. चकाकीने मासा बुजत नाही का, असे मी विचारले, तर मालक म्हणाला की मासा रंगाला नव्हे, वल्ह्याच्या आवाजाला बुजतो, आणि वल्ह्याच्या खुंट्यांना त्याने चिंध्या गुंडाळल्या.

टेंपोतून होडी तलावावर नेली तेव्हा आम्ही तिघे होतो. नारळ मिस्त्रीने फोडला. किनाऱ्यावर तसे करतात, असे त्याने ऐकले होते. होडी पाण्यात सुटली, मालक फळीवर उभा राहिला, आणि थोड्या वेळाने बुडाशी मागच्या अंगाला पाण्याची बारीक रेघ सरकू लागली: बारावी जागा, जी अंगणात सापडली नव्हती. मिस्त्रीने खिशातून खडू काढला, पण ओल्या पत्र्यावर तो उमटेना. तेव्हा त्याने तेथे आपले बोट दाबून धरले आणि होडी काठाला लागेपर्यंत उचलले नाही.