'लाईन' : एका शब्दाचा खर्डीपर्यंतचा प्रवास

आज एकच इंग्रजी शब्द घेऊ. 'लाईन'. शब्दाचं मूळ लॅटिन 'लिनेआ', म्हणजे जवसाच्या तंतूंचा धागा. 'लिनन' कापड त्याच घरातलं. आपले गवंडी भिंत सरळ यावी म्हणून 'लाईनदोरी' बांधतात. म्हणजे मुळात पाहिलं तर दोरीदोरी!

आपल्याकडे हा शब्द घरोघर पोचवला तो रेल्वेनं. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि 1861 मध्ये रूळ कसाऱ्याला पोचले. खर्डी वाटेवरच. तेव्हापासून इथे 'लायनीच्या पलीकडे' ही दिशा झाली. पुढे 'कसारा लाईन', 'कर्जत लाईन' हे पत्ते झाले. स्थळ बघताना विचारतात, मुलगा कुठल्या लाईनला राहतो? आणि लगेच दुसरा प्रश्न, कुठल्या लायनीत आहे? पहिल्याचं उत्तर आसनगाव, दुसऱ्याचं मेडिकल. कोणाचाही गोंधळ होत नाही. पोरं 'लाईन मारतात' तेव्हाही होत नाही. (हशा)

विटगेनस्टाइननं हेच दाखवलं. त्याच्या मृत्यूनंतर, 1953 साली निघालेल्या ग्रंथात तो विचारतो, की एका शब्दाच्या सगळ्या वापरांत समान असं काही असलंच पाहिजे का? त्यानं दाखला दिला तोही दोऱ्याचाच. दोरा मजबूत असतो तो त्यातले तंतू एकमेकांवर चढत गेल्यामुळे. एकच तंतू टोकापासून टोकापर्यंत लागत नाही.

हे आम्हांला मान्य आहे. पण खर्डीत एक तंतू जरा लांब गेलेला दिसतो. तानसा धरण 1892 सालचं. तिथलं पाणी उतारानं, पंपाशिवाय, मुंबईकडे जातं. मोठमोठे नळ शहापूर तालुक्यातून जातात, तीही लाईनच. आणि ह्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हंड्यांची लाईन लागते. विजेच्या तारा आल्या, तीही लाईन, आणि तार तुटली की वाट बघायची लाईनमनची. बघा, ह्या प्रत्येक ठिकाणी सूत्रं दुसऱ्याच्या हाती आहेत. कधी येणार, किती येणार, हे पाड्यावर ठरत नाही.

आपल्याकडे शब्द नव्हते असं नाही. ओळ होती, रांग होती, पंगत होती. आवणीला भाताची रोपं कोणी 'लायनी'त लावली तर लावोत, पण जेवायला मात्र पंगतच बसते. पंगतीत पाणी वाढणारा आपणहून तुमच्यापर्यंत येतो. नळाच्या लायनीत तुम्ही पाण्यापर्यंत सरकत जाता. हा काही व्याकरणाचा नियम नव्हे, अपवाद सापडतील; टँकरपुढे 'रांग'ही म्हणतातच.

अलीकडे लग्नांत बुफे आलाय. खर्डीच्या हॉलमध्येही ताट हातात घेऊन उभं राहावं लागतं, आणि मागून कोणीतरी म्हणतंच, "काका, लायनीत या."