चार दिवसांचा विसावा आणि हार्वर्डचं बक्षीस



मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळात एका वक्त्यांनी सांगितलं, की पाळीचे चार दिवस बाजूला बसणं हे आरोग्यशास्त्रच आहे, बाईच्या शरीराला तेव्हा काम झेपत नाही. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी हे सांगितलं तर लेक म्हणाली, "आई, मग त्या दिवसांत माझा पेपर आला तर?" मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचायला बसले, तेव्हा कळलं की याच प्रश्नावर अमेरिकेत दीडशे वर्षांपूर्वी केवढा वाद झाला होता.

१८७२ साली बोस्टनच्या स्त्रियांच्या क्लबने डॉ. एडवर्ड क्लार्क यांना भाषणाला बोलावलं. बोलावणाऱ्या बायकाच होत्या बरं का! क्लार्क हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत प्राध्यापक होते. पुढच्याच वर्षी त्यांचं पुस्तक आलं. वाढत्या वयात मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला, तर रक्त मेंदूकडे जातं, गर्भाशय अशक्त राहतं, पुढे मूल होणं कठीण. म्हणून अभ्यासाचे तास कमी करा आणि दर महिन्याला विश्रांती द्या. पुरावा काय, तर मोजक्या आजारी मुलींच्या हकिगती. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. किती आयांनी मुलींची नावं कॉलेजातून काढली असतील, कोण जाणे.

मला खटकलं ते वेगळंच. गिरणीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींचं काय? क्लार्क म्हणतात, त्यांना त्रास कमी, कारण त्या मेंदू कमी वापरतात. म्हणजे यंत्र चालवलेलं चालतं, पुस्तक चालत नाही! आपल्याकडेही चुलीला शिवायचं नाही, पण गोधड्या धुवायला तीच बाई चालायची. माझ्या आजीचा विसावा असाच होता.

क्लार्कना उत्तर देणारी पुस्तकं लगेच निघाली. पण खरं काम केलं डॉ. मेरी पटनम जेकोबी यांनी. हार्वर्डने बॉयलस्टन पारितोषिकासाठी विषयच दिला होता, की पाळीत स्त्रियांना विश्रांतीची गरज असते का. निबंध निनावी पाठवायचे असत. जेकोबींनी एक हजार प्रश्नपत्रिका वाटल्या, २६८ भरून आल्या. दुखतं का, किती दुखतं, शिक्षण किती, चालणं किती, हे बायकांनाच विचारलं. काहींची नाडी यंत्राने नोंदली, स्नायूंची ताकद मोजली. निष्कर्ष असा, की जिचं पोषण नीट आहे तिला सक्तीच्या विश्रांतीची गरज नाही. १८७६ चं बक्षीस त्यांना मिळालं. त्याच हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत मुलींना प्रवेश मात्र १९४५ साली!

१८८५ मध्ये पदवीधर स्त्रियांच्या संघटनेने ७०५ जणींची पाहणी छापली. त्यांतल्या सुमारे ७८ टक्के जणींची तब्येत चांगली होती. ज्या फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून जेकोबी १८६४ मध्ये डॉक्टर झाल्या, तिथूनच १८८६ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी झाल्या.

गैरसमज नको. दुखणं खोटं नाही. जेकोबींनीही ते नोंदवलं आहे. दुखत असेल तिने खुशाल झोपावं. त्या दिवसांत मी मंदिरात जात नाही, तो माझ्या श्रद्धेचा भाग आहे आणि मी तो पाळते. पण त्याला वैद्यकाचा शिक्का मारून लेकीचा पेपर बुडवायला मी तयार नाही.

पुढच्या सभेत मी कोऱ्या चिठ्ठ्या नेणार आहे. नाव लिहायचं नाही. त्या दिवसांत काय होतं, विसावा खरंच मिळतो का, आणि शाळा कितीदा बुडाली, एवढंच लिहायचं. अध्यक्षबाई अजून हो म्हणालेल्या नाहीत.