ताबा सुटला, पण कशाचा?

(थोडं लांबलं आहे मित्रहो. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.)

अपघाताच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं. 'चालकाचा ताबा सुटल्याने...' घाटात जीप गेली, ताबा सुटला. पुलावरून टेम्पो गेला, ताबा सुटला. पोलिसांच्या नोंदीत तेच, पेपरात तेच, पारावरच्या चर्चेतही तेच. ताबा का सुटला, हे कुणी विचारत नाही.

विमानांच्या जगात चौकशीची सुरुवातच त्या 'का'पासून होते. ही सवय एका दिवसात लागलेली नाही, माणसं मेल्यावर लागली आहे. तिचा इतिहास बघायचा तर विमानांच्या शर्यतींकडे बघावं असं मला वाटतं. शर्यतीत उडणारा माणूस जाणूनबुजून धोका घेतो. त्यामुळे 'त्याचीच चूक' म्हणून मोकळं होणं तिथं सगळ्यात सोपं असतं.

विमानांची शर्यत म्हटली की परदेशातल्या श्रीमंतांचा खेळ वाटतो. पण आपल्याकडचीही एक शर्यत प्रसिद्ध आहे. इंग्लंड ते भारत हे अंतर एकट्याने विमानाने कापणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखान यांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. १९३० साली तिघे उतरले. मनमोहन सिंग, अॅस्पी इंजिनिअर आणि मुंबईचे जे. आर. डी. टाटा. जेआरडी तेव्हा २५ वर्षांचे, अॅस्पी अवघा १७ वर्षांचा. अॅस्पी इंग्लंडहून निघाला, जेआरडी ३ मे रोजी कराचीहून उलट दिशेने. इजिप्तमधल्या अबुकीरच्या धावपट्टीवर दोघांची गाठ पडली. अॅस्पीच्या इंजिनाचे स्पार्क प्लग गेले होते आणि तो अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे जास्तीचे प्लग त्याला दिले. अॅस्पीने बदल्यात आपलं लाइफ जॅकेट दिलं. ११ मे रोजी अॅस्पी कराचीला पोचला आणि काही तासांच्या फरकाने जिंकला. पुढे हाच मुलगा भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला.

ही गोष्ट आपण जेआरडींच्या दिलदारपणासाठी सांगतो, आणि सांगायलाच हवी. पण तिची दुसरी बाजूही बघा. एका इंजिनाचं उघडं जिप्सी मॉथ विमान, सोबत रेडिओ नाही, आणि सुटका होणार की नाही हे समोरच्या स्पर्धकाच्या खिशातल्या प्लगवर. तो पोरगा वाळवंटात पडला असता तर लोक 'धाडसी होता बिचारा' म्हणाले असते आणि विषय संपला असता.

चार वर्षांनी, २० ऑक्टोबर १९३४ रोजी, इंग्लंड ते मेलबर्न अशी प्रचंड शर्यत सुरू झाली. तिच्या सक्तीच्या थांब्यांमध्ये आपलं अलाहाबाद होतं. तिथं डच लोकांचं पँडर नावाचं वेगवान विमान आलं. उतरताना त्याची चाकं दुखावली. दुरुस्ती करून रात्री पुन्हा उड्डाण घेताना ते जमिनीवर दिवा घेऊन उभ्या असलेल्या वाहनाला धडकलं आणि जळून खाक झालं. आतले तिघेही वाचले. म्हणजे इतक्या लांबच्या शर्यतीत त्या विमानाचा घात आभाळात झालाच नाही. धावपट्टीच्या वाटेवर एक वाहन होतं, एवढंच कारण.

ही घटना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आजच्या काळात येऊ. जुनी विमानं उडवण्याची हौस आपल्याकडेही आहे. स्वतः जेआरडींनी १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, जुन्या लेपर्ड मॉथमधून कराची ते मुंबई हे आपलं १९३२ चं टपाल-उड्डाण पुन्हा केलं होतं. पण जुन्या विमानांच्या शर्यतीचं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे अमेरिकेतलं रेनो. १९६४ पासून तिथं दरवर्षी शर्यती व्हायच्या. दुसऱ्या महायुद्धातली मस्टँग लढाऊ विमानं जमिनीपासून थोड्याच उंचीवर खांबांना वळसे घालत पळायची. आपल्या वायुदलाने ज्या हार्वर्डवर वैमानिक घडवले, त्याच जातीची विमानंही तिथं शर्यतीत असायची.

१६ सप्टेंबर २०११ रोजी 'गॅलपिंग घोस्ट' नावाचं मस्टँग शर्यत चालू असताना अचानक वर उसळलं, उलटलं आणि थेट प्रेक्षकांच्या खुर्च्यांपाशी आदळलं. वैमानिक जिमी लीवर्ड आणि १० प्रेक्षक ठार झाले. साठहून अधिक जखमी झाले.

लीवर्ड ७४ वर्षांचे होते. झालं, लोकांच्या हाती कारण लागलं. म्हातारा माणूस, झेपलं नसेल. दुसरीकडे काही जण म्हणत होते, नाही, त्याने शेवटच्या क्षणी विमान गर्दीपासून वळवलं. एकाने आरोपी केला, दुसऱ्याने देव केला. तपास करणाऱ्यांनी दोन्ही बाजूला ठेवलं आणि तुकडे गोळा करायला घेतले. प्रेक्षकांनी काढलेले फोटो आणि व्हिडिओ मागवले. विमानातून जमिनीवर येत असलेली माहिती तपासली.

निघालं काय? शेपटीच्या आडव्या पंखाला मागच्या बाजूने एक छोटी हलती फळी असते, विमानाचा तोल साधणारी. ती स्क्रू आणि लॉकनटने बसवलेली होती. या नटाच्या आत एक रिंग असते, तिच्यामुळे नट धरून राहतो. आपल्याकडे गॅरेजवाले ज्याला नायलॉक म्हणतात, त्याच तत्त्वाचा. एकदा काढला की नवा लावायचा, हे कुठलाही चांगला मेकॅनिक सांगेल. इथले नट जुने होऊन ढिले झाले होते. स्क्रू सैल झाले, एकाला आधीच चीर गेली होती. शर्यतीच्या वेगात ती फळी थरथरू लागली आणि तुटली. विमान इतक्या झटक्याने वर उसळलं की वैमानिकाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या सतरा पटीचा भार आला. क्षणात शुद्ध हरपली. म्हणजे ना वयामुळे हात चुकला, ना शेवटी विमान वळवलं. काही करायला तो शुद्धीवरच नव्हता.

पण अहवाल तिथं थांबला नाही आणि मेलेल्या माणसाची भीडही धरली नाही. वेग वाढवण्यासाठी विमानात मोठे बदल केले होते, त्यांची धड नोंद नव्हती, शर्यतीच्या वेगाला पुरेशी चाचणीही झाली नव्हती, हे त्यात स्पष्ट लिहिलं. आणखी एक गोष्ट निघाली. १९९८ साली त्याच रेनोत दुसऱ्या एका मस्टँगची अशीच फळी तुटली होती. त्या वैमानिकाचीही शुद्ध गेली होती. तो उंचावर गेल्यावर शुद्धीवर आला आणि सुखरूप उतरला. कुणी मेलं नाही, म्हणून १३ वर्षांपूर्वीचा तो इशारा इशारा राहिलाच नाही.

नंतर शिफारशी झाल्या. बदल केलेल्या विमानांची अभियंत्यांकडून तपासणी, शर्यतीच्या वेगाला चाचणी, वैमानिकांना त्या भाराचं प्रशिक्षण, आणि गर्दीपासूनचं अंतर, इंधनाचे टँकर कुठं उभे करायचे, याचाही विचार. सगळं करूनही धोका शून्य होत नाही. २०२३ मध्ये रेनोतल्या शेवटच्या वर्षी शर्यत संपवून उतरताना दोन विमानं एकमेकांवर आदळली आणि दोन्ही वैमानिक गेले. पण प्रेक्षकांत कुणी गेलं नाही. वैमानिक धोका ओळखून विमानात बसतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाने तो पत्करलेला नसतो.

आता महाराष्ट्रात या. २६ एप्रिल १९९३, औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग उड्डाण घेताना धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं. आत ११८ जण होते, ५५ गेले. अलाहाबादचं ते वाहन आठवलं? साठ वर्षांनी तोच प्रकार. चौकशीत वैमानिकांची चूक निघाली. विमानाचं नाक उशिरा उचललं आणि चुकीच्या पद्धतीने उचललं. पण त्याच वाक्यात दुसरं कारणही नोंदवलं गेलं. विमानाच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात विमानतळ प्राधिकरण कमी पडलं. सरकारी खात्याचं नाव कारणांत आलं, ही आपल्याकडे लहान गोष्ट नाही.

७ जुलै १९६२ ला जुन्नरच्या डोंगरावर इटलीचं विमान आदळून ९४ जण गेले. तिथं कारण वैमानिकाच्या चुकीचंच निघालं. मुंबई जवळ आली असं समजून त्याने विमान लवकर खाली आणलं. पण तिथंही त्याला तसं का वाटलं, हे विचारलं गेलं. दिशादर्शक सोयी वापरल्या नाहीत, सह्याद्रीचा हा भाग ओळखीचा नव्हता, असं उत्तर मिळालं. चूक माणसाची असली तरी 'का' सुटत नाही.

आंतरराष्ट्रीय नियमच आहे की अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असावा, दोष वाटणं हा नाही. शिक्षेचं काम पोलीस आणि कोर्टाचं, ते वेगळं चालतं. आपल्या देशातही २०१२ पासून यासाठी वेगळे नियम आणि वेगळा ब्युरो आहे. तरी जून २०२५ मध्ये अहमदाबादला विमान पडलं, २६० जीव गेले, त्यात १९ जण जमिनीवरचे, आणि अंतिम अहवाल यायच्या कितीतरी आधी आपल्या मोबाईलवर वैमानिकांना शिक्षा सुनावून झाली होती.

हे सगळं हरसूलकरांना कशासाठी सांगतोय?

आपल्याकडे विमान पडत नाही, जीप पडते. वाघेरा घाट असो की त्र्यंबकची वाट, दर अपघातानंतर तोच शब्द, ताबा. टायर किती झिजला होता? वळणावर कठडा होता का? पांढरा पट्टा रात्री दिसत होता का? एका जीपमध्ये इतकी माणसं का बसली, त्या वेळेला एसटी होती का? चालक किती तास जागा होता? याच वळणावर आधी कुणी थोडक्यात वाचलं होतं का? एवढे प्रश्न विचारायला रडार लागत नाही. आरटीओ, बांधकाम खातं आणि पोलीस एकत्र जागेवर गेले, दोन पानांची टिपणी लिहिली आणि ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली तरी पुरे. चालकावर गुन्हा दाखल व्हायचा तो होऊ द्या, पण वळण तसंच राहिलं तर पुढचा चालक तिथंच जाणार आहे.

सिंहस्थ तोंडावर आहे. गुजरातकडून त्र्यंबकला येणाऱ्या गाड्या आपल्याही रस्त्यांवरून जातील. २००३ च्या सिंहस्थात नाशिकमध्ये चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली होती. ती माणसं धोका पत्करून आलेली नव्हती, स्नानाला आली होती.

म्हणून एक विनंती. आपल्या भागात कुठल्या वळणावर, कुठल्या पुलावर तुम्ही थोडक्यात वाचलात, ते खाली लिहा. कुणाचं नाव नको, कुणाला शिव्या नकोत. जागा, वेळ आणि काय बिघडलं, एवढंच. आठवडाभरात सगळं एकत्र करून बांधकाम खात्याला आणि तहसील कार्यालयात लेखी देऊ, आणि पोच इथंच टाकीन.