आदिलाबादची खांदशेकणी

निजामी अमदानीत, 1905 साली, सिरपूर-तांडूर या उपजिल्ह्याला, म्हणजे पुढच्या आदिलाबादला, पूर्ण जिल्ह्याचा दर्जा मिळाला आणि अव्वल तालुकदाराच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या, कचेरीत जमाबंदीचे उर्दू कागद रचले जाऊ लागले, तेव्हा त्या कागदांना जमिनीची प्रत ठाऊक होती, धारा ठाऊक होता. परंतु ज्या खांद्यांच्या बळावर ती कपाशीची काळी जमीन वखरली जाई, त्या खांद्यांचे दुखणे ओळखण्याचे काम परंपरेने एका सणाकडे सोपविले होते.

तो सण पोळा. मराठी कुणब्याप्रमाणेच राजगोंडही तो पाळतो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा मुंबई राज्याकडे गेले नि उरलेले आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले, तरी अमावास्येचा हा दिवस सीमेच्या दोन्ही अंगांना एकच राहिला. या सणात बैलांना ओढ्यावर धुऊन आणतात, आणि मानेचा व पाठीचा जिथे सांधा, जिथे वर्षभर जू टेकलेले असते, तो भाग हळद व तूप लावून शेकतात. हीच खांदशेकणी. जाणता म्हातारा केवळ तूप चोळून थांबत नाही. त्याचा तळवा वशिंडापासून खाली सावकाश उतरतो, आणि एखाद्या जागी कातडी थरथरली, कान मागे गेला किंवा बैलाने अंगाचा भार हळूच दुसऱ्या पायावर टाकला, की तो हात तिथेच ठेवतो. खांदेसुजेचा पहिला पत्ता असा लागतो. माझ्या मते ही वार्षिक वैद्यकीय तपासणीच होती. तिला विधीचे रूप होते म्हणूनच ती कधी चुकली नाही.

जनावर आपली वेदना लपविते, कारण रानात जो लंगडा दिसतो तो वाघाच्या वाट्याला जातो. आणि आदिलाबादच्या रानाला वाघ काही परका नव्हे. मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी वर अडकण्याचा विकार या लपंडावाचा उत्तम नमुना आहे : रात्रभर बसलेला बैल सकाळी उठून चालू लागला, की पाय मागे ताठ राहून फरफटतो, मग झटक्यासरशी पुढे येतो, परंतु अनेकदा थोडे अंतर चालताच चाल पूर्ववत होते. बाजारात आधीच चालवून तापविलेला असा बैल निर्दोष भासला तर नवल नाही. शहाण्या गिऱ्हाइकाने तो बसलेला असताना गाठावा, उठताना पाहावा, मागे सरकवून व आखूड वळण देऊन पाहावा.

खांदशेकणी मात्र खांद्यापाशीच थांबली. कंबर आणि मागचे सांधे यांच्या वाट्याला आली ती डागणी : तापलेला विळा टेकवायचा आणि दुखण्यावर दुसरे दुखणे ठेवायचे. डाग दिलेला बैल लंगडणे थांबवितो, ते बरे वाटले म्हणून की अधिक भ्याला म्हणून, हे कोण सांगणार? या प्रकाराला मी उपचार म्हणणार नाही. वास्तविक परळचे पशुवैद्यक महाविद्यालय 1886 पासून चालू होते आणि हैदराबादेत तसे महाविद्यालय 1946 साली निघाले. वाटी अडकण्याच्या विकारावर तर एक अस्थिबंध छेदण्याची अल्पावधीची शस्त्रक्रिया पुरते. पण गावकऱ्याच्या हाताशी विळा होता आणि दवाखाना दूर होता.

आता ट्रॅक्टरने बैलांची दावण रिकामी केली आहे, आणि रस्त्यावर धडक बसलेली, कोणी उचलून आश्रयाला आणलेली कुत्री अंगणात दिसू लागली आहेत. त्यांच्या पाठीचे आणि खुब्याचे दुखणेही असेच मुके : उठताना क्षणभर रेंगाळणे, पायरी टाळणे, पाठीवर हात फिरताच मान वळवून चाटणे. क्ष-किरण चित्र मागाहून येते, आधी हात लागतो. बैलासाठी शिकलेला तो तळवा ज्यांच्या घरी अजून आहे, त्यांनी तो यंदा पोळ्याला मणक्यामणक्याने शेपटीपर्यंत न्यावा, कुत्र्याच्याही. आणि कातडी थरथरली तर विळ्याकडे न वळता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची वाट धरावी.