अनियमित ठोक्यांवर गोठवणीचा उपाय

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील ग्रामीण तालुके मुंबईपासून फार दूर नाहीत. तानसा व भातसा धरणांचे पाणी शहापूर तालुक्यातूनच मुंबईकरांच्या घरी येते. मात्र हृदयाची लय कायमची बिघडलेल्या रुग्णाला उपचारासाठी शहराकडेच यावे लागते. अशा रुग्णांवरील ‘क्रायोअ‍ॅब्लेशन’ या उपचारपद्धतीची ही ओळख.

विकार कोणता?

‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी थरथरत राहतात. नाडी अनियमित होते. धडधड, दम लागणे, थकवा ही लक्षणे दिसतात. काहींना कोणताच त्रास जाणवत नाही. सात दिवसांहून अधिक टिकणाऱ्या प्रकारास ‘पर्सिस्टंट’ म्हणतात. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. हा धोका निरोगी माणसाच्या सुमारे पाचपट असतो.

उपचार कसा होतो?

फुप्फुसांतून डाव्या कप्प्यात रक्त आणणाऱ्या शिरांच्या मुखाशी या बिघाडाचे विद्युतसंदेश उगम पावतात, हे फ्रान्समधील बोर्दो येथील डॉ. मिशेल हायसागेर व सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवून दिले. या शिरा साधारणतः चार असतात. जांघेतील शिरेतून कॅथेटर हृदयात नेतात, दोन कप्प्यांमधील पडद्यास छिद्र पाडून तो डावीकडे जातो. त्याच्या टोकाचा फुगा शिरेच्या मुखाशी फुगवून त्यात नायट्रस ऑक्साइड सोडतात. तापमान उणे 40 ते 50 अंश सेल्सिअसपर्यंत उतरते व तीन-चार मिनिटांत भोवतालच्या पेशी गोठतात. तेथे वर्तुळाकार व्रण तयार होऊन चुकीचे संदेश अडतात.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या फुग्याला 2010 मध्ये अधूनमधून उद्भवणाऱ्या, तर 2020 मध्ये पर्सिस्टंट प्रकारासाठी मान्यता दिली. पर्सिस्टंट प्रकाराच्या चाचणीत वर्षअखेर सुमारे 55 टक्के रुग्णांमध्ये विकार परतला नव्हता. म्हणजेच हा हमखास इलाज नव्हे. काहींना पुन्हा उपचार घ्यावा लागतो. श्वासपटलाच्या नसेला इजा, रक्तस्राव व क्वचित पक्षाघात हे धोके आहेत.

झडपेचा प्रश्न

आपल्याकडे लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापामुळे हृदयाची झडप अरुंद होऊन हा विकार जडलेले रुग्णही आढळतात. त्यांच्यात आधी झडपेचा उपचार महत्त्वाचा. झडपेची शस्त्रक्रिया करतानाच कप्प्यातील ऊती गोठविण्याचा पर्यायही काहींना उपलब्ध असतो. झडप बरीच अरुंद असल्यास रक्त पातळ ठेवण्यासाठी जुने वॉरफरिन वा तत्सम औषधच वापरावे लागते व ‘आयएनआर’ ही रक्तचाचणी नियमित करावी लागते. डोळखांब वा टोकावड्याच्या परिसरातील रुग्णाला या फेऱ्या परवडत नाहीत आणि गोळ्या सुटतात. खरा धोका तेथेच आहे.

रुग्णाने काय करावे?

मनगटावरील नाडी अनियमित लागल्यास शहापूरच्या उपजिल्हा वा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात प्रथम ईसीजी काढून घ्यावा. निदान त्यावरूनच होते. गोठवणीचा उपचार मात्र कॅथ लॅब व हृदयलयीचे तज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयातच होतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कोणता खर्च मिळेल, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडून आधी विचारून घ्यावे.

उपचारानंतरही रक्त पातळ करणारी औषधे किमान दोन ते तीन महिने घ्यावी लागतात. पुढे ती चालू ठेवायची की नाही, हे ठोके सुधारले यावर नव्हे, तर वय, रक्तदाब, मधुमेह यांमुळे असलेल्या पक्षाघाताच्या धोक्यावर ठरते. ती स्वतःहून बंद करू नयेत. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसताच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. घाटाखालच्या गावातून शहर गाठण्याचा वेळही त्यातच मोजावा लागतो.